'मोशेसारखा' कोण? एका उताऱ्याची तीन वाचनं



गेल्या खेपेला प्रश्नोत्तरांत एका श्रोत्यांनी विचारलं होतं, "ख्रिस्ती वक्ते म्हणतात हिब्रू शास्त्रात येशूची भविष्यवाणी आहे. मुस्लिम वक्ते त्याच ओळीवर बोट ठेवून म्हणतात, ही मुहम्मद पैगंबरांची. दोघांपैकी कोणीतरी चुकत असणारच ना?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर घाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून आजचा विषय तोच. सगळ्या भविष्यवाण्या काढत बसलो तर रात्र सरेल. एकच उतारा घेऊ आणि तो नीट वाचू.

उतारा आहे तोरातल्या पाचव्या पुस्तकातला. मराठी बायबलमध्ये त्याला 'अनुवाद' म्हणतात. अध्याय 18, वचनं 15 ते 22. मोशेचे, म्हणजे कुराणातल्या हजरत मूसांचे, शेवटचे दिवस आहेत. लोक यार्देन नदी ओलांडून कनान देशात शिरणार. तिथे मांत्रिक आहेत, शकुन पाहणारे आहेत, मेलेल्यांना कौल लावणारे आहेत. मोशेचं सांगणं असं : त्यांच्या नादी लागू नका, देव तुमच्या भाऊबंदांतून माझ्यासारखा एक संदेष्टा उभा करील, त्याचं ऐका. शेवटच्या वचनांत खोटा संदेष्टा ओळखायचा कसा, तेही येतं.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. या उताऱ्यात 'मशीहा' हा शब्दच नाही. मशीहा म्हणजे तेलाने अभिषेक झालेला. राजाला आणि याजकाला हा शब्द लावत. यशयाच्या 45व्या अध्यायात तर इराणच्या कोरेश राजालाही लावला आहे. मग हा उतारा येणाऱ्याच्या यादीत कसा गेला? तो वाचणाऱ्यांनी नेला, आणि बराच आधी नेला. मृत समुद्राजवळ कुमरानला सापडलेल्या हस्तलिखितांत एक छोटं पान आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचं. त्यात हा संदेष्टा, याकोबातून निघणारा तारा आणि लेवीचा आशीर्वाद असे उतारे एकाखाली एक उतरवलेत. म्हणजे येशूच्या जन्माआधीच काही यहुदी लोक 'तो संदेष्टा' कोण याची वाट पाहत होते.

आता ख्रिस्ती वाचन. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात तिसऱ्या अध्यायात पेत्र आणि सातव्यात स्तेफन हाच उतारा काढतात. पेत्र तो सरळ येशूला लावतो. मत्तय तर सांगतो त्या गोष्टीतूनच मोशे उभा करतो : फारोने बाळं मारली, हेरोदाने बाळं मारली, मोशे डोंगरावर गेला, येशू डोंगरावर बसून शिकवतो. इथे 'मोशेसारखा' म्हणजे सोडवणारा, देवाशी समोरासमोर बोलणारा.

मुस्लिम वाचन दोन शब्दांवर उभं आहे. पहिला 'भाऊबंद'. अब्राहामाचे दोन मुलगे, इसहाक आणि इश्माएल. इस्राएलचे भाऊबंद म्हणजे इश्माएलचा वंश, म्हणजे अरब. दुसरा शब्द 'सारखा'. मोशेला आईबाप होते, बायकामुलं होती, तो लोकांना घेऊन निघाला, त्याने कायदा दिला, लढाया केल्या, आणि त्याला चारचौघांसारखं मरण आलं. मुस्लिम अभ्यासक विचारतात, हे वर्णन येशूला लागू पडतं की मुहम्मद पैगंबरांना? या वाचनामागे कुराणाचा आधार आहे. सातव्या सूरेत तौरात आणि इंजीलमध्ये ज्यांचा उल्लेख सापडतो अशा पैगंबरांची गोष्ट येते. नवव्या शतकात अली इब्न रब्बन अत्-तबरी या ख्रिस्ती घरातून इस्लाममध्ये आलेल्या विद्वानाने असे उतारे गोळा करून ग्रंथच लिहिला. आणखी एक विसरू नका : कुराण येशूला 'अल्-मसीह' म्हणतंच. त्यामुळे इथला वाद मशीहा कोण हा नाही, 'तो संदेष्टा' कोण हा आहे.

आता तपासू या. 'भाऊबंद' हा आपला मराठी शब्द इथे फार उपयोगी पडतो. भाऊबंद म्हणजे सख्खेही आणि चुलतही. भाऊबंदकी होते ती वाटणीवरूनच! हिब्रूतही 'आख' हा शब्द असाच सैल आहे. याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात एसावाच्या वंशजांना इस्राएलचे भाऊ म्हटलंय. म्हणजे मुस्लिम वाचन हवेतलं नाही. पण एक पान मागे जा. 17व्या अध्यायात राजाविषयी आज्ञा आहे : तो भाऊबंदांतलाच असावा, परका नसावा. इथे भाऊबंद म्हणजे इस्राएलच. शिवाय 18:15 मध्ये 'भाऊबंदांतून'च्या आधी 'तुझ्यामधून' असाही शब्द आहे, तो 18:18 मध्ये नाही. मुस्लिम युक्तिवाद बहुधा 18 वर भर देतो, 15 वरून झरकन पुढे जातो.

ख्रिस्ती वाचनाची अडचण वेगळी आहे. 18वा अध्याय रोजच्या गरजेबद्दल बोलतोय : उद्या अडचण आली तर मांत्रिकाकडे न जाता विचारायचं कोणाला? मग हजार-बाराशे वर्षांनी येणाऱ्या एकाच व्यक्तीने त्या लोकांची अडचण कशी भागणार? आणि खोटा संदेष्टा ओळखायचा नियम कशाला, जर येणारा एकच असेल? म्हणून राशीसारखे यहुदी भाष्यकार इथे संदेष्ट्यांची परंपरा वाचतात, एकामागून एक. इब्न एझ्राला यहोशवा दिसतो. पण त्यांच्याही वाटेत याच पुस्तकाचा शेवट येतो : मोशेसारखा पुन्हा इस्राएलमध्ये झाला नाही, असं 34वा अध्याय सांगतो. मग परंपरेतला प्रत्येकजण 'मोशेसारखा' कसा?

पाहिलंत? प्रत्येकजण दुसऱ्याला व्याकरणाची छडी दाखवतो आणि स्वतःला सूट देतो. माझी टीका वाचनांवर नाही, या दोन मापांवर आहे. येशूवर किंवा पैगंबरांवर श्रद्धा आधी बसली, उतारा मागून उजळला. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. श्रद्धेने मागे वळून वाचणं हे जुनं, प्रामाणिक वाचन आहे. गफलत होते ती त्यालाच पुरावा म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारताना.

आणि हा नुसता पंडितांचा खेळ नव्हता. 1172च्या सुमारास येमेनमधल्या यहुद्यांवर धर्म बदलण्याची सक्ती होत होती, आणि त्यांना हीच ओळ दाखवली जात होती. त्यांनी इजिप्तमध्ये मायमोनिडीसला विचारलं. त्याने पाठवलेल्या पत्रात 'तुझ्यामधून' या शब्दाचा खुलासा आहे : 'भाऊ' म्हटल्यावर एसाव-इश्माएल मनात येऊ शकतात, म्हणूनच तो शब्द आधी घातला. 1263 मध्ये बार्सिलोनात राजासमोर नाखमानिदीसला ख्रिस्ती पक्षाशी मशीहावरच वाद घालावा लागला. पुढे त्याला देश सोडावा लागला. ज्यांचं पुस्तक, त्यांनाच त्याचा अर्थ दरडावून सांगितला गेला. याउलट आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये खलिफा अल्-महदी आणि पॅट्रिआर्क तिमथी अशाच प्रश्नांवर बसून बोलले. मत कोणाचंच बदललं नाही, पण दोघे आपापल्या घरी सुखरूप गेले.

तेव्हा "कोण चुकतंय?" याचं माझं उत्तर असं : त्या अध्यायाच्या आपल्या जागी, आपल्या काळात, यहुदी वाचन मला सर्वांत जवळचं वाटतं. पण कुमरानच्या त्या पानापासूनच हा उतारा आपल्या जागेवरून उठून चालू लागला होता, आणि चालत्या उताऱ्यावर कोणा एकाची मालकी राहत नाही.

घरी गेल्यावर 17 आणि 18 हे अध्याय सलग वाचा, मग व्हिडिओंतले वाद ऐका. तुकडा कुठे कापला, ते तुम्हालाच दिसेल. पुढच्या वेळी यशयाचा 53वा अध्याय घेऊ.