न भरणारी जखम आणि उसनं जग



आजच्या व्याख्यानात आपण तीन गोष्टींचा एकत्र विचार करणार आहोत : फॅन्टसीचं चाहतेपण, चाहत्यांनी काढलेली चित्रं म्हणजे फॅनआर्ट, आणि बरा न होणारा आजार. ही मोट कशासाठी बांधली, असं कुणी विचारेल. त्याचं कारण साधं आहे. वर्षानुवर्षं अंथरूण-पांघरूण, औषधांचे डबे आणि तपासण्यांच्या फायली यांच्यामध्ये राहणारी पुष्कळ माणसं ड्रॅगन, बुटके आणि जादूगार यांच्यात रमतात, त्यांची चित्रं काढतात. आणि या रमण्याकडे आपण नीट बघत नाही. ‘बरं आहे, तेवढंच मन रमतं,’ असं म्हणून मोकळे होतो. या वाक्यात माया आहे, पण त्याच्या पोटात एक जुना आरोपही आहे. तो आरोप म्हणजे पळवाट.

‘पलायनवादी’ हा शब्द मराठी समीक्षेला नवा नाही. फडके-खांडेकरांच्या ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ या वादापासून आपण ललित लेखनाला विचारत आलोय, की बाबा रे, तू जीवनाकडे बघतोस की पाठ फिरवतोस? फॅन्टसीच्या वाट्याला तर हा प्रश्न ठरलेलाच. त्याचं एक ठोस उत्तर १९३९ साली टॉल्किन यांनी दिलं, तेही व्याख्यानातच. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात ते परीकथांवर बोलले. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा : तुरुंगातल्या कैद्याने घराचा विचार केला, तर त्याला लढाईतून पळणाऱ्या शिपायाच्या रांगेत बसवू नका. दोघंही ‘पळतात’, पण दोन्ही पळणं एक नव्हे.

हा मुद्दा आजारी वाचकाला लगेच पटतो. पण आमचं म्हणणं याच्याही एक पाऊल पुढचं आहे. चांगली फॅन्टसी आजारी माणसाला त्याच्या शरीरातून बाहेर नेते, एवढंच खरं नाही. बरं न होणं म्हणजे काय, हे ज्या थोड्या साहित्यप्रकारांना सांगता येतं, त्यात फॅन्टसी आहे. उदाहरण टॉल्किन यांचंच घेऊ.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ बहुतेकांच्या लक्षात राहते ती अंगठी नष्ट होण्यापर्यंत. पण कादंबरी तिथे संपत नाही. फ्रोडोला ६ ऑक्टोबरला वेदरटॉपवर खांद्यात शापित सुरा लागतो. रिव्हेंडेलमध्ये उपचार होतात, तो उठून बसतो, पुढचा सगळा प्रवास करतो, जग वाचवतो, घरी येतो. आणि दर वर्षी ६ ऑक्टोबरला ते दुखणं परत येतं. शीलॉब या कोळिणीने दंश केला ती तारीख १३ मार्च. तेही दर वर्षी परत येतं. तारखा लेखकाने नेमक्या दिल्या आहेत. ज्यांचं दुखणं ठरावीक ऋतूत उलटतं, त्यांना या तारखांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

त्यातली एक नोंद फार बारीक आहे. शेवटच्या मार्चमध्ये फ्रोडो पुन्हा आजारी पडतो, पण या वेळी तो ते मोठ्या कष्टाने लपवतो, कारण सॅमच्या डोक्यात दुसरे विचार आहेत. सॅमची पहिली मुलगी २५ मार्चला जन्माला येते. म्हणजे घरात बाळ येणार आहे, सगळे आनंदात आहेत, आणि एक माणूस आपलं दुखणं गिळून हसऱ्या चेहऱ्याने वावरतोय. आपल्या घरांमध्ये, लग्नाकार्यात, सणासुदीला हे कितीदा होतं! एवढ्या मोठ्या महाकथेत लेखकाने या गोष्टीला जागा दिली. पुढे सप्टेंबरात फ्रोडो जहाजात बसून निघून जातो. पलीकडे त्याला बरं वाटलं का, हे कादंबरी सांगत नाही.

टॉल्किन यांना १९१६ मध्ये सोमच्या लढाईनंतर ट्रेंच फीव्हर झाला, ते इंग्लंडला परतले, आणि युद्धाचा बराच उरलेला काळ त्यांचं रुग्णालयात येणं-जाणं चालू राहिलं. त्यांच्या काल्पनिक जगातल्या सुरुवातीच्या कथा याच काळात लिहिल्या गेल्या. यावरून ‘फ्रोडो म्हणजे टॉल्किन’ असं समीकरण मांडायचं कारण नाही. एवढंच म्हणू, की या जगाचा पाया रचला जात होता तेव्हा आजारपण शेजारीच बसलेलं होतं.

आता मराठी श्रोत्याला न भरणारी जखम म्हटलं की कोण आठवतं? अश्वत्थामा. कपाळावरची भळभळती जखम घेऊन तो फिरतो, वाटेत भेटलेल्याकडे जखमेसाठी तेल मागतो, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली आहे. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत त्याची यात्राही भरते. पण अश्वत्थाम्याची जखम ही शिक्षा आहे. त्याने झोपलेल्यांना मारलं, गर्भावर अस्त्र सोडलं, म्हणून ती भरत नाही. आपल्या मनात हे नातं खोल रुजलंय : बरं होत नाही, म्हणजे काहीतरी केलं असेल. या जन्मी नाही तर गेल्या जन्मी. फ्रोडोची जखम याच्या उलट आहे. त्याने जे केलं ते सगळ्यांच्या भल्याचं होतं, तरी ती भरत नाही. तिथे दुखण्याचा आणि पापाचा संबंध तुटतो. ज्याला नातेवाइकांनी ‘पथ्य पाळलं नसशील’, ‘मनानेच घेतलंयस’ असं ऐकवलंय, त्याच्यासाठी हा दिलासा लहान नाही. आणि गंमत म्हणजे, लोककथेतलं ते तेल मागणं मात्र आपल्या लोकांनी मायेने जोडलंय. शापाचं काय ते असू दे, दुखतंय ना, मग तेल दे, एवढाच त्यातला भाव.

इथून फॅनआर्टकडे येऊ.

फॅनआर्टवर नेहमीचा आक्षेप असा, की हे दुसऱ्याचं आहे. पात्रं उसनी, जग उसनं, मग यात तुझं काय? आम्हाला वाटतं, उत्तर आपल्या परंपरेत आहे. कीर्तनकाराने नवीन कथानक आणावं अशी अपेक्षा कुणी करत नाही. आख्यान सगळ्यांना पाठ असतं, तरी माणसं ऐकायला बसतात. गणपतीची मूर्ती दर वर्षी नव्याने घडवणाऱ्याला आपण नक्कल करणारा म्हणत नाही. आणि चाहत्याची चित्रं हलकीच असतात असंही नाही. डेन्मार्कच्या मार्गरेटे यांनी राणी होण्याआधी टॉल्किन यांच्या कादंबरीसाठी चित्रं काढून त्यांना पाठवली होती. पुढे १९७७ च्या एका इंग्रजी आवृत्तीत त्यांवर आधारलेली चित्रं टोपणनावाने छापली गेली.

पण आजारी चित्रकाराच्या बाबतीत हे उसनेपण फक्त क्षम्य नाही, ते उपयोगाचं आहे. ल्युपस असलेल्या क्रिस्टीन मिझेरँडिनो यांनी २००३ मध्ये ‘चमच्यांची’ कल्पना मांडली : दिवसाची ताकद म्हणजे हातातले मोजके चमचे, अंघोळीला एक, स्वयंपाकाला एक, आणि संपले की संपले. आता या हिशेबात स्वतःचं जग उभं करायला किती चमचे लागतील? नकाशा, इतिहास, माणसं, सगळं शून्यापासून? उसन्या जगात ते काम आधीच कुणीतरी करून ठेवलंय. तुम्ही थेट मधोमध उतरू शकता. आज दोन तास बरे गेले, तर एक हात काढला. आठवड्याने चेहरा. चित्र अर्धं राहिलं तरी बघणाऱ्याला कळतं हा कोण, कारण बाकीचं जग त्याच्याही डोक्यात आहे. अर्धवट राहण्याची मुभा देणारी कला ही आजारी माणसाची कला आहे.

विषय खरा बोचतो तो इथे. चित्र पूर्ण झालं, लोकांनी पाहिलं, वाहवा झाली, की घरातूनच प्रश्न येतो : ‘अगं, तीन तास चित्र काढता येतं, मग घरातलं एखादं काम का होत नाही?’ कामाच्या ठिकाणी हाच प्रश्न जास्त सभ्य भाषेत येतो. म्हणजे आनंद हाच आजार खोटा असल्याचा पुरावा ठरतो. आजारी माणसाने सतत आजारी दिसलं पाहिजे, ही अट आपण न बोलता घातलेली असते. चित्र दिसतं, पण त्यानंतरचे दोन दिवस सुजलेली बोटं घेऊन कुशीवर पडून काढले, ते दिसत नाहीत. त्या तीन तासांची किंमत मोजायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क ज्याचं शरीर आहे त्याचा. बाकी सगळे चमचे औषधपाण्यात आणि कामात जाणार असतील, तर एक चमचा ड्रॅगनवर खर्च करणं ही चैन कशी?

एवढं म्हटल्यावर चाहत्यांच्या जगालाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. तिथे आजाराचं सगळं चित्रण चांगलं आहे असं नाही.

पहिली गोष्ट. चाहत्यांच्या लेखनात ‘हर्ट-कम्फर्ट’ नावाचा लोकप्रिय प्रकार आहे. पात्र जखमी होतं, दुसरं त्याची शुश्रूषा करतं. वाचायला गोड असतं. पण बहुतेकदा शुश्रूषा यशस्वी होते आणि गोष्ट संपते. ताप उतरला, मिठी मारली, समाप्त. जुनाट आजारात ताप उतरल्यावर गोष्ट सुरू होते. सातव्या वर्षीही तोच पेला हातात देणारा माणूस या चित्रांमध्ये क्वचित भेटतो.

दुसरी गोष्ट दिसण्याची. ली बार्डूगो यांच्या ‘सिक्स ऑफ क्रोज’ (२०१५) मधला काझ ब्रेकर काठी घेऊन चालतो. बार्डूगो यांना स्वतःला हाडांचा आजार आहे, त्याही काठी वापरतात, आणि हे त्यांनी उघडपणे सांगितलंय. काझची कावळ्याच्या डोक्याची काठी चाहत्यांनी खूप प्रेमाने चितारली. काठी लागणाऱ्या तरुण मुलांना कॉस्प्लेसाठी एक पात्र मिळालं, जिथे काठी लपवावी लागत नाही. हे चांगलंच झालं. पण काठी चित्रात यायला सोपी आहे. ती शस्त्रही होते, रुबाबदार दिसते. थकवा कसा काढायचा? आतड्याचं दुखणं कसं काढायचं? जे दिसत नाही, आणि दिसलं तर देखणं नसतं, ते फॅनआर्टमधून अजून गळतं. टॉल्किन यांनी एक वाट दाखवली आहे : रिव्हेंडेलमध्ये गँडाल्फला फ्रोडोचा डावा हात किंचित पारदर्शक झाल्यासारखा वाटतो. एवढीशी खूण. चित्रकारांनी अशा खुणा शोधाव्यात, असं आम्हाला वाटतं.

तिसरी गोष्ट जादूने बरं होण्याची. जिथे जादू आहे तिथे आजार उरतोच कसा, हा प्रश्न लेखकाला टाळता येत नाही. हिरोमु अराकावा यांच्या ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ मध्ये शेवटी एडवर्डला हात परत मिळतो, पाय मात्र धातूचाच राहतो. सगळं परत मिळत नाही, हे त्या मांगाने प्रामाणिकपणे राखलं.

शेवटचं उदाहरण सुझॅना क्लार्क. २००४ मध्ये त्यांची ‘जोनाथन स्ट्रेंज अँड मिस्टर नॉरेल’ ही जाडजूड, तळटीपांनी भरलेली कादंबरी आली. मग दीर्घ आजारपण, ज्यात सततचा थकवा हे मोठं लक्षण. पुढची कादंबरी, ‘पिरानेसी’, आली २०२० मध्ये. तिला २०२१ चा विमेन्स प्राइझ मिळाला. आकाराने ती पहिलीच्या पासंगालाही पुरत नाही. एक माणूस, एक अफाट घर, असंख्य पुतळे, खालच्या दालनांत येणारी भरती. तो बाहेर जात नाही, पण रडतही नाही. तो नोंदी ठेवतो. कुठली भरती कधी येईल याचं कोष्टक करतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं जग लहान होतं असं आपण समजतो. ही कादंबरी दाखवते की लक्ष देणाऱ्याला तेच घर अफाट असतं. मात्र ती बंदिवासाचं कौतुक करत नाही. त्या माणसाचं काहीतरी हिरावलं गेलंय, हे ती विसरू देत नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि दोन्ही सांभाळणं हीच तिची ताकद.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच. फॅन्टसीत रमणाऱ्या आजारी माणसाला ‘मन रमतं’ एवढ्यावर सोडू नका. तो काय वाचतो, कुठलं पात्र पुन्हा पुन्हा काढतो, त्याची कुठली जखम दाखवतो आणि कुठली झाकतो, हे कलाकृती म्हणून बघा. आवडलं तर आवडलं म्हणा, फसलं असेल तर फसलं म्हणा. दयेपेक्षा ही दाद मोठी आहे. आणि चित्र काढणाऱ्यांना एक विनंती : पुढच्या वेळी फ्रोडो काढाल, तेव्हा डोंगरावरचा नको, घरी परतल्यानंतरचा काढा. मार्च महिन्यातला.