‘सर्वांना प्रवेश खुला’ : चर्चामंडळांविषयी काही तक्रारी



सामाजिक प्रश्नांवर मोकळेपणाने बोलायला आपल्या गावात, आपल्या पेठेत जागा कुठे मिळेल, हा प्रश्न निवृत्तीनंतर आम्हाला वारंवार विचारला जातो. विचारणारे बहुधा दोन प्रकारचे असतात. एक म्हणजे नोकरीसाठी नव्या शहरात आलेली तिशीतली मंडळी. दुसरे आमच्यासारखे, ज्यांचे बोलायचे सोबती एकेक करून निघून गेले ते. दोघांच्याही मनात जात, आरक्षण, मुलीने ठरवलेलं परजातीतलं लग्न, म्हाताऱ्या आईबापांना कुणी सांभाळायचं, असलेच विषय असतात. घरी काढले की भांडण होतं. कचेरीत काढले की दुसऱ्या दिवशी चार टेबलांवर पोचतात.

यावर आपण फार घाईने उत्तर देतो. ‘अहो, महाराष्ट्रात काय कमी आहे? व्याख्यानमाला आहेत की!’ आहेत, आणि त्यांचा अभिमानही खोटा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचा आदर्श पुढे गावोगावी गेला. पण व्याख्यान म्हणजे चर्चा नव्हे. एक माणूस तासभर बोलतो, दोनशे माणसं ऐकतात, मग शेवटची दहा मिनिटं चिठ्ठ्या येतात. अध्यक्ष त्यांतल्या सोयीच्या तीन निवडतात आणि वेळेअभावी आभारप्रदर्शन होतं. (आज आपलंही तेच चाललंय, हे आम्हाला दिसतंय. आयोजकांनी खुर्च्या ओळीत मांडल्या आहेत. गोलात मांडल्या असत्या तर आम्हाला इतकं लांब बोलताच आलं नसतं.) व्याख्यानाने माणूस शहाणा होत असेल, पण आपलं अर्धवट, अडखळणारं मत चार माणसांत मांडून बघण्याची सवय त्याने लागत नाही.

मग चर्चामंडळं. त्यांच्या फलकावर लिहिलेलं असतं : ‘सर्वांना प्रवेश खुला’. आमची पहिली तक्रार या वाक्याविषयी आहे. दार उघडं ठेवलं की माणूस आत येतो, असं आपण धरून चालतो. युर्गेन हाबरमास या जर्मन तत्त्वज्ञाने १९६२ च्या आपल्या ग्रंथात अठराव्या शतकातल्या कॉफीगृहांचं वर्णन केलं आहे. तिथे हुद्दा बाजूला ठेवून, केवळ युक्तिवादाच्या बळावर लोक बोलत, असा त्याचा आदर्श. नॅन्सी फ्रेझर या अमेरिकन विदुषीने १९९० मध्ये त्याला नेमकं गाठलं. तिचं म्हणणं सोप्या मराठीत असं : हुद्दा चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. तो बोलण्याच्या ढबीत आत येतो, कुणी कुणाला मध्येच तोडलं यात दिसतो. आपल्याकडे तर तो आडनावात येतो. नव्या माणसाला पहिला प्रश्न काय विचारतात? ‘आपलं पूर्ण नाव?’ आणि नाव सांगितल्यावर जो अर्धा क्षण जातो, त्या अर्ध्या क्षणात किती दारं बंद होतात ते ज्याच्यासमोर बंद होतात त्यालाच कळतं.

गावच्या पाराबद्दल, चावडीबद्दल हळवं होऊन बोलणाऱ्यांना आम्ही एवढंच विचारतो की पारावर बसत कोण होतं? बायका नव्हत्या. गावकुसाबाहेरचे नव्हते. गावगाड्याविषयीचा हा हळवेपणा बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत फार कडक शब्दांत झिडकारला होता, तो उगीच नव्हे.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. बोललेल्या शब्दाचं पुढे काय होतं, याचा विचार आपली मंडळं करतच नाहीत. इथे आपलाच इतिहास बघा. १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा निघाली. दादोबा पांडुरंग आणि त्यांचे सहकारी. जातिभेद मानणार नाही, अशी तिची भूमिका. सभासद होताना ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा. आणि हे सगळं गुप्तपणे. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा मोडली. आपण या मंडळींना भित्रे म्हणून मोकळे होतो. आम्हाला ते मान्य नाही. बहिष्कार म्हणजे काय, हे आज सभागृहात बसून कळायचं नाही : न्हावी यायचा नाही, भटजी यायचा नाही, मुलीचं लग्न जमायचं नाही. गुप्तता ही त्या माणसांची बोलण्याची किंमत होती. यादी फुटल्यावर तीही वाया गेली.

तीस वर्षांनी पुण्यात हेच पुन्हा झालं. १४ ऑक्टोबर १८९० ला पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी जमली, चहा-बिस्किटं पुढे आली. रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य उभं राहिलं. शेवटी रानड्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. कपात चहा होता, पण घाव घातला तो यादीने. आज यादी चोरावी लागत नाही. बैठकीत कुणीतरी मोबाइल उभा धरतो आणि बोलणारा गप्प होतो.

आणि बायकांच्या बाबतीत तर छापील यादीचीही गरज नव्हती. रमाबाई रानडे यांच्या आठवणी वाचा. १८८२ मध्ये पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. तिकडे जाऊ लागलेल्या रमाबाईंना सभेत त्रास झाला नाही. तो झाला घरी परतल्यावर, घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांकडून.

कांटसारखा रुक्ष समजला जाणारा माणूस या बाबतीत आपल्यापेक्षा व्यवहारी निघाला. १७९८ च्या मानवशास्त्रावरील पुस्तकात त्याने जेवणाच्या पंगतीवर लिहिलं आहे. पाहुणे ग्रीक पुराणातल्या तीन लावण्यदेवींपेक्षा कमी नसावेत आणि नऊ कलादेवींपेक्षा अधिक नसावेत. तत्त्वज्ञाने एकट्याने जेवणं तब्येतीला वाईट. आणि मुख्य म्हणजे, पंगतीत कुणाच्या तोंडून निसटलेलं बोलणं बाहेर नेऊन कुणाचं नुकसान करायचं नाही; हा अलिखित करार नसेल तर पंगतच नाही. आम्ही इतकी वर्षं कांट शिकवला, पण अभ्यासक्रमात हे पान कधी नव्हतं.

मग अशी पंगत आज कुठे आहे? आमचं उत्तर थोडं वाकडं वाटेल. महाराष्ट्रातलं सगळ्यांत चांगलं चर्चामंडळ स्वतःला चर्चामंडळ म्हणवत नाही. त्याचं नाव बचत गट. दहा ते वीस बायका, ठरलेला दिवस, कुणाच्या तरी ओसरीवर किंवा अंगणवाडीत बैठक, प्रत्येकीची रक्कम सारखी. १९९२ मध्ये नाबार्डने हे गट बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हा कुणाच्या डोक्यात चर्चा नव्हती, कर्ज होतं. पण कर्ज कशाला हवं, हे सांगताना घर उघडं करावं लागतं. नवऱ्याची दारू, सासूचं आजारपण, पोरीची शाळा, सगळं आपोआप पटावर येतं. सारखे पैसे टाकलेत म्हणून बोलण्याचा हक्कही सारखा. आणि उसनं घेतलेलं फेडायचं असतं, म्हणून बोललेलं बाहेर नेताना जीभ आवरली जाते. दारूच्या दुकानाविरुद्ध सह्या जमवून मतदान मागायचं आणि ‘आडव्या बाटली’वर शिक्का मारून दुकान बंद करायचं, हे किती गावांत अशा ओसऱ्यांवरच्या बोलण्यातून सुरू झालं आहे!

बचत गटाची आरती ओवाळायची नाही, बरं का. गट बहुधा एकाच आळीचा, म्हणून पुष्कळदा एकाच जातीचा असतो. जिला हप्ता जमत नाही ती, म्हणजे सगळ्यांत अडचणीतली बाई, आधी गळते. तिथे जे बोललं जातं ते आपल्यासारख्यांत. परक्याशी बोलण्याचा प्रश्न तिथेही उरतोच.

तरी शहरातल्या आपल्या तिशीतल्या मित्राला त्यातून एक गोष्ट उचलता येईल. नुसतं ‘चर्चेसाठी’ जमणाऱ्यांपेक्षा काहीतरी मिळून करणाऱ्यांत जावं. काही गावांत पुस्तकभिशी चालते, कुठे वाचनालयात एकच पुस्तक चार महिने मिळून वाचतात, कुठे ओढा साफ करणारी मंडळी नंतर टपरीवर बसतात. हातात काम असलं की नवख्याला आपण कोण हे आधी सिद्ध करावं लागत नाही.

आणि गेल्यावर काय बघावं? भाषणाचा दर्जा बघू नये. चहा कोण करतं ते बघावं. दर वेळी त्याच दोघी उठत असतील तर स्त्रीमुक्तीवरची चर्चा कितीही रंगो, घरी परतावं. बैठक कधी ठेवतात ते बघावं. संध्याकाळी सातला ठेवली की स्वयंपाक करणारी गेली, दुकानात काम करणारा गेला, मग उरतो आम्ही पेन्शनर. एकदा जाऊन मत बनवू नये. दुसऱ्यांदा जावं, आणि मागच्या खेपेला ज्याने सगळ्यांविरुद्ध मत मांडलं होतं तो आला आहे का, हे शोधावं. आला असेल, आणि कुणी त्याला ‘या, बसा’ म्हणत असेल, तर तिसऱ्यांदा जायला हरकत नाही. आला नसेल तर तो का आला नाही, हे कुणी विचारतं का ते ऐकावं.

एवढं पुरे. चिठ्ठ्या पाठवू नका, उभं राहून बोला. नाव सांगितलं नाहीत तरी चालेल. मागच्या रांगेतून सुरुवात करू.