मोबाइल मोडेम आणि नेटवर्क-जोडणीची प्रणाली : एक समीक्षा

संगणक-प्रणालीची समीक्षा बहुधा वेग आणि बाह्य रूप यांवरच थांबते. प्रस्तुत लेखातील कसोटी वेगळी आहे : विद्यार्थ्याच्या हाती जो मोडेम आला, तो प्रणाली स्वीकारते काय? बारामती-इंदापूरच्या वाड्यावस्त्यांवर, जिथे तारेचे ब्रॉडबँड पोहोचले नव्हते, तिथे २००९ नंतरच्या काळात हा प्रश्न केवळ तांत्रिक नव्हता.

टाटा फोटॉन प्लस, रिलायन्स नेटकनेक्ट ही सीडीएमए कुळातली, तर बीएसएनएलची थ्रीजी सेवा जीएसएम कुळातली. एकीसाठी #७७७, दुसरीसाठी *९९#. शिवाय कित्येक डोंगल प्रथम सीडी असल्याचे सोंग घेत आणि त्या सीडीवर विंडोजपुरताच ड्रायव्हर असे. लिनक्सवर हे सोंग उतरवण्याचे काम ‘यूएसबी मोडस्विच’ने केले. पुढचे काम ‘मोडेममॅनेजर’चे. मोडेमच्या आज्ञा वरवर सारख्या, ‘एटी’ने सुरू होणाऱ्या, परंतु ‘फक्त थ्रीजीवर राहा’ एवढे सांगायलाही हुआवेला ^एसवायएससीएफजी लागते, झेडटीईला +झेडएसएनटी. मोडेममॅनेजरने समान भाग मानकावर सोपवला आणि प्रत्येक कंपनीच्या बोलीसाठी स्वतंत्र प्लगइन ठेवले. २०१३ च्या १.० आवृत्तीत क्यूएमआय व एमबीआयएम हे नवे शिष्टाचारही याच चौकटीत सामावले. ही रचना निःसंशय प्रशंसनीय आहे.

तथापि तिचा अतिउत्साह नोंदवणे अगत्याचे ठरते. कोणतेही सिरियल उपकरण जोडले की ती त्याला मोडेम समजून चाचपत असे. प्रयोगशाळेतील आर्डुइनो बोर्डांना याचा उपद्रव झाला. पुढील आवृत्त्यांत गाळणीचे नियम कडक करण्यात आले.

अधिक गंभीर आक्षेप ‘नेटवर्कमॅनेजर’च्या सेवादात्यांच्या यादीवर आहे. देश, कंपनी, योजना एवढेच तिचे स्तर. भारतातील सेवा मात्र टेलिकॉम सर्कलनिहाय विभागलेली. मुंबई वेगळी, बारामती-इंदापूर महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. या स्तराला यादीत जागाच नाही. चुकीची योजना निवडल्यास बिलाचा घोळ होईल, असा इशारा प्रणाली देते. पण योग्य योजना ओळखावी कशी, याविषयी ‘खात्री नसेल तर सेवादात्याकडे योजनेचा एपीएन विचारा’ एवढेच सांगते. मोडेमच्या वैविध्याबाबत दाखवलेली आस्था वापरणाऱ्याच्या अडचणीबाबत दिसत नाही.

मोडेम ओळखायला कौशल्य लागते, यादी अद्ययावत ठेवायला स्थानिक माणसे. ती यादी साधी एक्सएमएल फाइल असून कोणालाही दुरुस्ती सुचवता येते. आपल्या संगणकशास्त्र विभागांतील प्रकल्प-अहवालांत मात्र ग्रंथालय-व्यवस्थापनाच्या प्रणालीच वर्षानुवर्षे येत राहतात.