सारांशात उरलेली वृत्तपत्रे : राज्य अभिलेखागारातील एका अनुवादित संहितेचे वाचन

वसाहतकालीन महाराष्ट्रावर इंग्रजीतून लिहिल्या गेलेल्या प्रबंधांत एक वाक्यप्रकार वारंवार आढळतो : ‘अमुक तारखेच्या केसरीने असे म्हटले’, ‘ज्ञानप्रकाशने तशी तक्रार केली’. तळटीप पाहावी, तर तेथे केसरीचा किंवा ज्ञानप्रकाशचा अंक नसतो. असतो तो मुंबई सरकारचा ‘रिपोर्ट ऑन नेटिव्ह पेपर्स’. म्हणजे जे वाक्य केसरीचे म्हणून उद्धृत केलेले असते, ते केसरीने कधी लिहिलेलेच नसते. ते सचिवालयातील भाषांतरकाराने लिहिलेले असते, आणि तेही बहुधा सारांशरूपाने. मराठी न येणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवताना ही गोष्ट मला दरवर्षी नव्याने सांगावी लागते. ती सांगितल्यानंतर जो प्रश्न विचारला जातो तो मात्र सहजासहजी निकालात निघत नाही : मूळ अंकच उपलब्ध नसेल, तर काय करावे? प्रस्तुत निबंधाचा विषय हा प्रश्न आहे.

मुंबई इलाख्यातील देशी वृत्तपत्रांचे हे साप्ताहिक अहवाल १८६८ पासून मिळतात. त्याच्या आदल्या वर्षी, १८६७ मध्ये, मुद्रणालये व पुस्तकनोंदणीविषयीचा पंचविसावा कायदा झाला आणि छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारकडे देणे बंधनकारक झाले. त्यातून त्रैमासिक ग्रंथयाद्या निघू लागल्या. त्यांत लेखक, भाषा, मुद्रक, पृष्ठसंख्या, छापलेल्या प्रतींची संख्या आणि किंमत यांची नोंद असे. शं. ग. दाते यांच्यासारख्या सूचीकाराने एकट्याच्या चिकाटीने जे काम पुढे उभे केले, त्याच्या शेजारी या सरकारी याद्या ठेवून पाहिल्या म्हणजे नोंद करण्याच्या दोन हेतूंमधील अंतर ध्यानात येते. एका नोंदीच्या मुळाशी जिव्हाळा आहे, दुसरीच्या मुळाशी संशय. रॉबर्ट डार्नटन यांनी २००१ मध्ये या ग्रंथयाद्यांना वाङ्मयीन पाळतीचे साधन म्हटले ते योग्यच होय. तरीही संशयाने केलेली नोंद पुष्कळदा जिव्हाळ्याने केलेल्या नोंदीपेक्षा अधिक तपशीलवार असते, ही गोष्ट अभ्यासकाला मनाविरुद्ध का होईना मान्य करावी लागते.

वृत्तपत्रांच्या अहवालांची रचना विशेष लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. पुढील काळातील अहवालांच्या आरंभी वृत्तपत्रांची कोष्टकरूप यादी असते. तीत वृत्तपत्राचे नाव, प्रकाशनाचे ठिकाण, ते किती दिवसांनी निघते, खप, आणि संपादकाचे नाव, जात व वय दिलेले असते. संपादकाची जात आणि वय यांतून त्याच्या मजकुराचा अर्थ लागतो, अशी या कोष्टकामागची धारणा दिसते. त्यापुढे मजकूर येतो. तो वृत्तपत्रानुसार लावलेला नसतो, विषयानुसार लावलेला असतो : राज्यकारभार, जमीनमहसूल, शिक्षण, रेल्वे, नगरपालिका, संस्थाने. एकेका विषयाखाली मराठी, गुजराती, कन्नड, सिंधी, उर्दू पत्रांतील उतारे एकाच इंग्रजीत, एकाच सुरात येतात. वेगवेगळ्या भारतीय भाषांतील समकालीन गद्य दर आठवड्याला एकत्र आणून त्याची विषयवार मांडणी करणारी संस्था विद्यापीठांत तौलनिक साहित्याचे विभाग निघण्याच्या कितीतरी आधी मुंबईच्या सचिवालयात चालू होती. आपल्या ज्ञानशाखेच्या पूर्वजांची यादी करताना या कचेरीचे नाव कोणी घेत नाही. घ्यायला हवे, कारण भाषांमधील भेद पुसल्याशिवाय तुलना करता येत नाही, हा तिचा गृहीत सिद्धांत आपल्याही पुष्कळ लेखनात सुखाने नांदतो आहे.

या इंग्रजीचा सूर कसा घडतो? मुख्यतः क्रियापदांनी. पत्र ‘तक्रार करते’, ‘खेद व्यक्त करते’, ‘सरकारचे लक्ष वेधते’, ‘आशा बाळगते’. अर्जदार आणि मायबाप सरकार यांच्यातील संबंधाचे हे व्याकरण आहे. मूळ लेख वाचकांना उद्देशून लिहिलेला असतो. त्यात उपरोध असतो, म्हणी असतात, प्रतिपक्षाच्या पत्राला मारलेले टोमणे असतात. अहवालात तोच मजकूर सरकारला उद्देशून केलेल्या निवेदनासारखा उभा राहतो. श्रोता बदलला की उक्तीचा प्रकारच बदलतो. येथे भाषांतरकाराला दोष देऊन भागत नाही. ही माणसे पुष्कळदा एतद्देशीय, इंग्रजी शिकलेली आणि दोन्ही भाषा उत्तम जाणणारी होती. त्यांच्याकडून अपेक्षित असलेला लेखनप्रकारच असा होता, की त्यात विनोद किंवा वक्रोक्ती टिकणे अवघड होते.

या भाषांतराचे परिणाम केवळ शैलीपुरते राहत नव्हते, हे न्यायालयात दिसून आले. १८९७ च्या खटल्यात टिळकांविरुद्ध पुढे केलेला मजकूर १५ जून १८९७ च्या केसरीतील होता. त्यात शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती. काव्यातील वक्ता आणि पत्राचा संपादक हे दोन भिन्न आहेत, हे साहित्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पण इंग्रजी अनुवादात हे अंतर मिटले आणि ऐतिहासिक पात्राचे स्वगत संपादकाचे मत ठरले. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असा कायद्याचा अर्थ ज्युरीला सांगितला. कवितेची परीक्षा प्रीतीच्या मापाने झाली, आणि शिक्षा झाली अठरा महिन्यांची. १९०८ मध्ये ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ या अग्रलेखांवरील खटल्यात टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि सरकारी अनुवादावर सविस्तर हल्ला चढवला. इंग्रजी राज्यशास्त्रातील अनेक संज्ञांना मराठीत अजून स्थिर प्रतिशब्द नाहीत; आपण इंग्रजी कल्पना मराठीत आणायच्या आणि सरकारी भाषांतरकाराने त्याच शब्दांचे पुन्हा इंग्रजी करताना त्यांना भलतीच धार चढवायची, असा त्यांच्या युक्तिवादाचा एक धागा होता. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपियन होते. ज्यांना मराठी येत नाही त्यांनी मराठी लेखाचा हेतू ठरवायचा होता. सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले आणि त्यांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आपल्या वाङ्मयेतिहासात हा खटला राजकीय घटना म्हणून नोंदवला जातो. मराठी अनुवादमीमांसेच्या इतिहासातही त्याला एक प्रकरण मिळायला हवे. प्रतिअनुवादात शब्दाचे काय होते, याची इतकी काटेकोर आणि इतकी महाग पडलेली चर्चा आपल्याकडे फारशी झालेली नाही.

परंतु टिळकांना निदान तक्रार करता आली. कारण मूळ लेख हाताशी होता. केसरीला स्वतःचा छापखाना होता, पुढे वाडा मिळाला, अंकांच्या फायली जपल्या गेल्या. आजही अहवालातील केसरीचा उतारा मूळ अंकाशी ताडून पाहता येतो. अशा वेळी अहवाल हे केवळ एक भाष्य ठरते, त्यातील चूक दाखवता येते. आता याच अहवालांतील ‘दीनबंधू’चे उतारे पाहा. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईत चालवलेले हे पत्र सत्यशोधक चळवळीचा आवाज होते. त्याचे आरंभीच्या काळातील अंक फारच थोडे हाती लागतात. रोझालिंड ओ’हॅनलन यांच्यासारख्या अभ्यासकांना फुले आणि सत्यशोधकांचा इतिहास लिहिताना दीनबंधूसाठी प्रामुख्याने या सरकारी सारांशांवर विसंबावे लागले, ते त्यामुळेच. म्हणजे केसरीच्या बाबतीत जे भाष्य, तेच दीनबंधूच्या बाबतीत संहिता होऊन बसले आहे.

ही विषमता साधी नव्हे. दीनबंधू आणि पुण्याची ब्राह्मणी पत्रे यांच्यातील संघर्ष केवळ मतांचा नव्हता, तो मराठीच्या स्वरूपाचाही होता. कोणाचे मराठी प्रमाण मानायचे, संस्कृताच्या किती आहारी जायचे, कुणब्याच्या तोंडचे शब्द छापील पानावर येऊ द्यायचे की नाही, हा त्या संघर्षाचा गाभा होता. फुल्यांचे गद्य आपल्यासमोर असल्यामुळे त्याची तीव्रता आपल्याला कळते. सचिवालयाच्या इंग्रजीत मात्र दीनबंधू आणि केसरी एकाच भाषेत बोलतात, आणि दोघेही तितक्याच सभ्यपणे ‘सरकारचे लक्ष वेधतात’. मते उरतात, भाषा जाते. जी भाषा हाच ज्याचा मुख्य युक्तिवाद होता, त्याचे मत तेवढे शिल्लक ठेवणे म्हणजे त्याचा अर्धा पराभव नोंदवून ठेवणे होय.

रणजित गुहा यांनी १८५७ पूर्वीच्या आणि नंतरच्या शेतकरी उठावांचे सरकारी कागद कसे वाचावेत, याचे एक सूत्र १९८३ मध्ये दिले : सत्तेच्या कागदात बंडखोराची जाणीव उलट्या चिन्हाने लिहिलेली असते, चिन्ह फिरवले की ती वाचता येते. हे सूत्र प्रभावी आहे. परंतु वृत्तपत्र-अहवालांना ते पुरे पडत नाही, असे मला वाटते. ‘गुंड’ या शब्दाच्या जागी ‘बंडखोर’ वाचता येतो, कारण तेथे फक्त मूल्य बदललेले असते. येथे माध्यमच बदललेले आहे. सारांशातील वाक्य कितीही उलटेसुलटे फिरवले, तरी त्यातून मराठी वाक्य बाहेर पडत नाही.

मग मार्ग कोणता? केसरी, ज्ञानप्रकाश आणि जेथे मूळ अंक टिकले आहेत अशी इतर पत्रे घेऊन अहवालांतील उतारे व मूळ मराठी यांच्या जोड्या लावाव्यात. भाषांतरकार काय गाळतो, कोठे म्हण सोडून देतो, कोणत्या मराठी क्रियापदाला कोणते इंग्रजी क्रियापद लावतो, याची वहीच तयार करावी. आणि त्या वहीच्या आधारे दीनबंधूचे सारांश सावधपणे वाचावेत. या पद्धतीत एक धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. जो भाषांतरकार पुण्याच्या शिष्ट मराठीशी एका रीतीने वागला, तो दीनबंधूच्या मराठीशी त्याच रीतीने वागला असेल असे गृहीत धरता येत नाही. पहिलीत त्याला गाळण्यासाठी अलंकार सापडले असतील, दुसरीत कदाचित त्याला भाषाच अशुद्ध वाटली असेल.

या कामाचा भूगोलही सोपा नाही. १९६० मध्ये मुंबई राज्याचे विभाजन झाले, तरी इलाख्याच्या सचिवालयाचे दप्तर मुंबईतच, एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील अभिलेखागारात राहिले. त्यामुळे धारवाडच्या कन्नड, सुरतेच्या गुजराती आणि सिंधमधील पत्रांच्या अभ्यासकालाही काळा घोड्याच्या त्याच वाचनकक्षाचा उंबरा चढावा लागतो. उलट नागपूर-वऱ्हाडची मराठी पत्रे मध्य प्रांताच्या अहवालांत हिंदीच्या शेजारी बसलेली आहेत, आणि गोव्यातील मराठीच्या नोंदी पोर्तुगीज कागदांत शोधाव्या लागतात. भाषेची हद्द आणि दप्तराची हद्द कोठेच जुळत नाही. एकभाषिक वाङ्मयेतिहासाला ही अडचण वाटते. तौलनिक अभ्यासकाला ती वाटू नये.

मूकपटांचा अनुभवही याहून फार वेगळा नाही. भारतात निघालेल्या सुमारे १,३०० मूकपटांपैकी मोजकेच आज पाहावयास मिळतात. १९२१ चा ‘भक्त विदुर’ आपल्याला मुख्यतः त्यावरील बंदीमुळे ठाऊक आहे. विदुराच्या वेषात प्रेक्षकांना गांधी दिसतील, या धास्तीमुळे त्या चित्रपटाची नोंद राहिली. तेथेही कलाकृती गेली आणि तिच्याविषयीची भीती तेवढी दप्तरी उरली.

अलीकडे हे अहवाल मायक्रोफिल्मवरून संगणकावर आले आहेत, याचे स्वागतच केले पाहिजे. पण त्याचा एक परिणाम ध्यानात घेतला जात नाही. इंग्रजी छापील मजकूर यंत्राला वाचता येतो आणि शब्द टाकला की पान समोर येते. जुन्या, खिळे झिजलेल्या बालबोध छपाईचे तसे नाही. मूळ मराठी अंक जेथे टिकले आहेत तेथेही शोध घेणारा आधी सारांशापाशीच पोहोचतो, आणि बहुधा तेथेच थांबतो. दीनबंधूच्या वाट्याला नाइलाजाने आले ते आता केसरीच्याही वाट्याला सोयीने येऊ लागले आहे.

वर सांगितलेल्या धोक्यावर एक अंशतः उतारा मात्र उपलब्ध आहे. फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे आरंभीचे भाग १८८३ मध्ये दीनबंधूत छापले गेले, पुढचे छापण्याचे धाडस संपादकांना झाले नाही, अशी फुल्यांचीच तक्रार आहे. दीनबंधूचे ते अंक नसले तरी असूडचे मराठी आपल्यापाशी आहे. त्या आठवड्यांचे अहवाल काढून त्यांत या भागांचा सारांश आला आहे का, आला असल्यास असूडच्या कोणत्या वाक्यांचे काय झाले, आणि आला नसल्यास त्याच अंकांतील दुसरा कोणता मजकूर भाषांतरकाराला अधिक दखलपात्र वाटला, एवढे जरी पाहिले तरी दीनबंधूच्या मराठीशी त्या कचेरीने केलेल्या व्यवहाराचा एक निश्चित नमुना हाती येईल. मराठी आणि इंग्रजी दोन्ही जाणणाऱ्या एखाद्या संशोधकाला काही आठवडे पुरेल इतके हे काम आहे.