बिदरीच्या काळ्या रंगाचे श्रेय

जुन्नर तालुक्यात पारगाव तर्फे आळे आहे, तर आंबेगाव तालुक्यात पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक. या नावांतला 'तर्फ' बहमनी कारभारातील 'तरफ', म्हणजे प्रांत, या शब्दाची आठवण देतो. महमूद गावान वजीर असताना (१४६६ ते १४८१) जुन्नर ही अशीच एक तरफ होती आणि राजधानी होती बीदर. या बीदरच्या नावाने ओळखली जाणारी, काळ्याभोर अंगावर चांदीची वेलबुट्टी असलेली भांडी हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात पाहायला मिळतात. त्यांविषयी जे नेहमी सांगितले जाते, त्यावर आमचा आक्षेप आहे.

सांगणारे म्हणतात, 'बीदर किल्ल्यातील खास मातीमुळे हा काळा रंग येतो,' आणि तिथेच थांबतात. हे अर्धसत्य आहे.

बिदरीचा धातू मुख्यतः जस्ताचा असतो. त्यात थोडे तांबे मिसळतात. ओतलेले भांडे घासून त्यावर मोरचुदाचे द्रावण चोळतात. जस्त तांब्याला द्रावणातून बाहेर काढते आणि पृष्ठभाग काळपट होतो. हा काळेपणा तात्पुरता. त्यावर कोरलेली रेघ उठून दिसावी एवढ्यासाठीच. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि भांडे पुन्हा घासतात. मग ते तापवून त्यावर माती व नवसागराचा लेप देतात. आता धातू कायमचा काळा होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. शेवटी तेलाचा हात फिरवतात.

माती हवीच, कारण तिच्यात क्षार आहेत. पण तांबे नसलेल्या शुद्ध जस्तावर असा गडद काळा थर चढत नाही. म्हणजे रंगाची निम्मी तयारी भट्टीपाशीच झालेली असते. कारागीर माती जिभेवर ठेवून पारखतात, तीही एक परीक्षाच. सारे श्रेय मातीला दिले, तर धातूचे प्रमाण, लेप आणि उष्णता यांचा मेळ घालणाऱ्या माणसाचे ज्ञान आपण पुसून टाकतो.

दुसरा आक्षेप 'इराणहून आलेली कला' या शिक्क्यावर. धातूवर चांदी जडवण्याची परंपरा पश्चिम आशियात जुनी आहेच. मोसुल येथे १२३२ साली शुजा इब्न मना याने घडवलेली झारी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. पण ती पितळेची आहे. जस्ताच्या मिश्रधातूवर असा काळा रंग चढवणे ही दख्खनची स्वतःची कमाई आहे.

शिक्षकांनी वर्गात जस्ताची पट्टी मोरचुदाच्या द्रावणात बुडवून दाखवावी आणि काळ्या थरावर खिळ्याने रेघ ओढायला सांगावे. मातीची चव मात्र कोणालाही घेऊ देऊ नये. विस्थापन अभिक्रियेचे समीकरण फळ्यावर आपण लिहितोच. त्याच्याशेजारी बिदरी कारागिराचाही उल्लेख असावा.