एका सातबाऱ्यावर सत्तावीस नावं

शेजारचा मुलगा संगणकशास्त्र शिकतो आणि त्याचं जावाचं पुस्तक मी वाचतो. कॉमर्सवाल्याला त्यातलं काय कळणार, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत. पण 'क्लास' म्हणजे खातं उघडायचा कोरा फॉर्म आणि 'ऑब्जेक्ट' म्हणजे भरलेला फॉर्म, एवढं उमगलं की बँकेतल्या माणसाला फारसं अडत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. या पुस्तकात ग्राहक, खातं, व्याज असे सगळे क्लास एकाच फाइलीत, एकाखाली एक छापलेत. पहिल्या दोन धड्यांत हे योग्यच. दोघे समोरासमोर असले की कोण कोणाला हाक मारतो ते दिसतं. पण शेवटच्या धड्यातही तेच! परवा त्या पोराने चारशे ओळींची फाइल दाखवली. म्हणाला, "काकानू, सगळा एकाच फायलीत आसा. चलता मां?"

चालतं हो! आमच्या कोकणात सातबाराही चालतोच की. एकावर सत्तावीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला. आंबे खायचे तोवर झकास. कर्ज काढायचं म्हटलं, की सत्तावीस सह्या! इथेही दुसऱ्या प्रोग्रामला नुसता व्याजाचा क्लास हवा झाला, की अख्खं खटलं उचलून न्यावं लागतं.

1995 साली सन मायक्रोसिस्टिम्सने आणलेली ही जावा महसूल खात्यापेक्षा कडक. एका फाइलीत पब्लिक क्लास एकच आणि फाइलीला नाव त्याचंच, लहान-मोठ्या अक्षरांसकट. बाकीचे पब्लिक नसतील तर पोटभाडेकरू म्हणून राहू देते. पण कंपाइल करताच प्रत्येक क्लासची वेगळी डॉट-क्लास फाइल! म्हणजे वाटणी केव्हाच झालेली, एकत्र कुटुंब फक्त पुस्तकात.

सी प्लस प्लसचा संसार चाकरमान्याचा: नाव-पत्ता गावच्या हेडर फाइलीत, कामधंदा दुसऱ्या फाइलीत. पायथनला सोवळंच नाही. एका फाइलीत दहा क्लास सुखाने नांदतात. तेव्हा चार ओळींच्या क्लासलाही स्वतंत्र घर हवंच, म्हणणारे मला पटत नाहीत. एका नारळाला कोणी गोणपाट शिवतं का?

पण पुस्तकाने एक पान तरी द्यायचं होतं: हा क्लास उचला, नव्या फाइलीत त्याच फोल्डरात ठेवा, पुन्हा चालवा. पॅकेज केलेलं नसेल तर जावाला इम्पोर्टसुद्धा लिहावं लागत नाही. एवढंही न करता पोरगं उद्या पुण्याला नोकरीला जाणार. तिथे शेकडो फाइली समोर आल्या की सुरुवात कुठून करायची, हे त्याला कोण सांगणार?

पुस्तकाची नवी आवृत्ती आली आहे. मुखपृष्ठ बदललंय, किंमत वाढलीय, शेवटच्या धड्याला हात लागलेला नाही.