घोड्याचें नांव कीं स्वाराचें? : एका छायाचित्राच्या ओळखीचें परीक्षण

नागपुरांतील आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं आपल्या संग्रहांतील एक छायाचित्र व त्यावर स्वतः लिहिलेलें टिपण आमच्याकडे अभिप्रायार्थ पाठविलें आहे. छायाचित्र शर्यतीचें असून घोडा भरधाव आहे. पाठीवर स्वार आहे. मागें कठडा व प्रेक्षकांची पुसट गर्दी दिसते. खोगिराखालील कापडावर एक अंक आहे, तो तीन कीं आठ हें सांगवत नाहीं. चित्राच्या पाठीवर काळ्या शाईनें, देवनागरींत, 'सयाजीराव. १९४७.' एवढींच दोन पदें आहेत. टिपण एका स्मरणग्रंथांत छापावयाचें असून तत्पूर्वीं चित्र नव्या पुठ्ठ्यावर कायमचें डकविण्याचा टिपणकारांचा मानस आहे. तसें झाल्यास पाठीवरील लेख दिसेनासा होईल. म्हणून हें परीक्षण थोडें त्वरेनें लिहीत आहों.

टिपणकारांचा युक्तिवाद असा. 'सयाजीराव' म्हणजे बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड. महाराज १९३९ सालीं निवर्तले. तेव्हां १९४७ हें इसवी सन असणें शक्य नाहीं. बडोदें गुजराथेंत, आणि तेथें विक्रम संवत् चालतो. म्हणून १९४७ हा संवत् समजावा. त्याचें इसवी सन १८९०-९१ येतें. महाराजांचा जन्म १८६३ चा, म्हणजे त्या वेळीं त्यांचें वय सत्तावीस-अठ्ठावीस. चित्रांतील स्वारही तरुणच आहे. सबब, स्वार म्हणजे खुद्द महाराज. आणि घोडा अज्ञात.

आम्ही प्रांजळपणें कबूल करतों कीं, पहिल्या वाचनांत हें टिपण आम्हांस पटलें होतें. संवताचा हिशेब चोख आहे, बडोद्याच्या व्यवहाराचें भान आहे, आणि पोथ्यांच्या पुष्पिकांवर ज्याचा हात बसला आहे त्याला हा मार्ग ओळखीचा वाटतो. परंतु चित्र पुनः समोर ठेवल्यावर तीन बाधकें दिसूं लागलीं.

पहिलें बाधक स्वाराच्या बैठकीचें. चित्रांतील स्वार आंखुड रिकिबींवर पाय दुमडून, घोड्याच्या मानेवर ओणवा झालेला आहे. इंग्लंडांत ही बैठक अमेरिकन जॉकी टॉड स्लोन याच्यामुळें गाजली, आणि तो तेथें १८९७ सालीं आला. तत्पूर्वींचे इंग्रजी धर्तीचे स्वार लांब रिकिबींत, पाठ ताठ ठेवून बसत. पहिल्यानें हंसें झालें, मग शर्यती जिंकल्या गेल्या, आणि थोड्याच वर्षांत सर्वांनीं तीच बैठक उचलली. जी बैठक १८९० मध्यें रूढच नव्हती ती त्या सालच्या चित्रांत येणार कशी? पोथींत एखादा उत्तरकालीन शब्द सांपडावा आणि तिचें प्राचीनत्व ढांसळावें, तसा हा प्रकार आहे.

दुसरें बाधक पोशाखाचें. अंगांतील रेशमी सदरा व टोपी हीं धंदेवाईक जॉकीचीं आहेत. हे रंग स्वाराचे नसतात, घोड्याच्या मालकाचे असतात. एकच जॉकी एका दिवसांत चार मालकांचे चार सदरे घालतो. म्हणून सदऱ्यावरून फार तर मालक ठरेल, स्वार ठरणार नाहीं. टिपणकार सदरा 'शुभ्र' असल्याचें सांगून त्यावरही अनुमान बांधतात. पण त्यांच्याच मतें चित्र १८९० चें असेल, तर जुन्या काचेच्या पाट्यांचा गुणधर्म विसरून चालणार नाहीं. त्यांना निळा प्रकाश फार भासे व तांबडा जवळजवळ भासतच नसे. त्यामुळें फिकट निळें वस्त्र पांढरें उमटे, तांबडें-पिवळें काळवंडे, आणि तांबूस घोडा काळाभोर होई. अशा चित्रांतील पांढऱ्याला पांढरें म्हणण्यापूर्वीं दहादां विचार करावा.

तिसरें बाधक नांवाचें, आणि खरी मेख येथेंच आहे. 'सयाजीराव' हें एका घोड्याचेंही नांव होतें. महाराजांचे नातू व गादीवरील उत्तराधिकारी प्रतापसिंहराव गायकवाड हे शर्यतींचे मोठे शोकीन. १९४५ सालीं त्यांनीं इंग्लंडांत एक वर्षाचें शिंगरूं २८,००० गिनींस विकत घेतलें. गिनी एकवीस शिलिंगांची, आणि रुपया त्या वेळीं दीड शिलिंगाचा. म्हणजे ही रक्कम ३,९२,००० रुपये होते. त्या वयाच्या शिंगराला तोंवर एवढी किंमत आली नव्हती. त्याच्या थोरल्या सख्ख्या भावानें, डांटे यानें, त्याच वर्षीं डर्बी जिंकली होती, हें त्या किंमतीचें कारण. ह्या शिंगराला प्रतापसिंहरावांनीं आपल्या आजोबांचें नांव दिलें. १९४७ सालीं तो इंग्लंडच्या डर्बींत तिसरा आला, आयर्लंडची डर्बी त्यानें जिंकली, आणि सप्टेंबरांत डॉन्कास्टर येथील सेंट लेजर ही शर्यतही मारली. तीत त्याच्यावर एडगर ब्रिट हा ऑस्ट्रेलियन जॉकी होता.

आतां पाठीवरील लेख पुनः वाचावा: 'सयाजीराव. १९४७.' नांव बरोबर, सन बरोबर. संवत् आणण्याची गरज नाहीं, महाराजांना घोड्यावर बसविण्याचीही नाहीं. टिपणकारांच्या मार्गांत आधीं नांव माणसाचें मानावें लागतें, मग सनाचा संवत् करावा लागतो, मग महाराजांस जॉकीचा सदरा चढवावा लागतो, आणि शेवटीं बैठक सात वर्षें आधीं आणावी लागते. नैयायिक ह्याला कल्पनागौरव म्हणतील. लिहिणाऱ्यानें शुद्ध लिहिलें होतें. शोधन करतांना तें अशुद्ध झालें. यथास्थित पाठाचा अर्थ लागत असतां त्यास हात लावूं नये, हा पोथ्यांचा नियम चित्रांनाही लागू आहे.

मग ओळख पटली काय? घोड्याची बव्हंशीं पटली, स्वाराची नाहीं. ब्रिट सेंट लेजरमध्यें ह्या घोड्यावर होता हें निश्चित. पण हें चित्र सेंट लेजरचें आहे असें लेख सांगत नाहीं, आणि घोडा त्या सालीं अनेकदां धांवला. शिवाय ब्रिट बडोद्याच्या इतर घोड्यांवरही बसे. १९४३ सालीं मुंबईस महालक्ष्मीवर झालेली पहिली इंडियन डर्बी बडोद्याच्या 'प्रिन्सेस ब्यूटिफुल' ह्या घोडीनें जिंकली, तेव्हांही स्वार तोच होता. म्हणजे ब्रिटचा चेहरा ओळखला तरी घोडा ठरत नाहीं, आणि घोडा ओळखला तरी ब्रिट ठरत नाहीं. प्रत्येकास वेगळें प्रमाण हवें.

घोड्याच्या नांवावरही आंधळा विश्वास नको. बडोद्याचाच 'माय बाबू' हा घोडा प्रथम 'लेरिन्स' ह्या नांवानें धांवला आणि १९४८ ची दोन हजार गिनींची शर्यत त्यानें नव्या नांवानें जिंकली. दोन चित्रांवर दोन नांवें असलीं तरी घोडा एकच असूं शकतो.

पुढील शोध कसा करावा हेंही सांगणें आमचें कर्तव्य आहे. कापडावरील अंक भिंगाखालीं निश्चित करावा व १९४७ च्या शर्यतपत्रकांशीं ताडून पाहावा. त्या पत्रकांत अंक, घोडा, मालकाचे रंग व जॉकी एकत्र दिलेले असतात. घोड्याच्या कपाळावरील व पायांवरील पांढऱ्या खुणा टिपून घ्याव्यात. डांटे हा सख्खा भाऊ असल्यानें केवळ बांध्यावरून निर्णय करूं नये. आपल्याकडे नकुलाच्या नांवावरील अश्वशास्त्रांत व जयदत्ताच्या अश्ववैद्यकांत आवर्तांचा, म्हणजे भोंवऱ्यांचा, विस्तारानें विचार आहे. त्यांतील शुभाशुभ सोडून द्यावें. पण आजही शर्यतीच्या घोड्याच्या ओळखपत्रांत पांढऱ्या खुणांबरोबर भोंवऱ्यांच्या जागा नोंदवितात, तेव्हां त्या जुन्या दृष्टीचा उपयोग होतो. भरधाव घोड्याच्या चित्रांत भोंवरे दिसणें कठीण; म्हणून त्याचें उभें, शांत चित्र मिळवून त्याशीं तुलना करावी.

तोंवर नोंदींत एवढेंच लिहावें: 'शर्यतीचा घोडा व जॉकी. पाठीवर शाईनें, देवनागरींत: सयाजीराव. १९४७. घोडा: बहुधा प्रतापसिंहराव गायकवाड यांचा सयाजीराव. स्वार: अनिश्चित, एडगर ब्रिट असण्याचा संभव. स्थळ: अनिश्चित.'

टिपणकारांस आमची विनंति एकच: चित्र नव्या पुठ्ठ्यावर डकवूं नये. आमचें म्हणणें उद्यां कोणी खोडून काढील तर तेंही त्या पाठीवरील दोन पदांच्याच आधारें. तीं उघडीं राहूं द्यावींत.